वरचा तुकडा, खालचा तुकडा

प्रिय ठमे,

आधी पोटभर हसून घे, कारण आज तुझ्या ताईने स्वतःचं चांगलंच हसं करून घेतलं आहे. परवा तू फुगून फोन ठेवलास, की माझ्या गाठीवर नेमकं औषध असेल तरच उपचाराला येईन, नाहीतर घरी बसून टोमॅटो लावीन. तेव्हापासून मी तुझ्या गाठीच्या तपासणीची वाट बघत होते.

गाठीचा पापुद्र्याएवढा काप काचेवर चढवून रंगवायचा, हे माझं बावीस वर्षांचं काम. पेशींच्या कडेला एक प्रथिन फार माजलेलं असेल तर तिथे तपकिरी रंग चढतो, आणि मग त्या प्रथिनालाच जाऊन धरणारं औषध देता येतं. रंग नाही, तर ते औषधही नाही. बघायचं काम डॉक्टरांचं, माझं नुसतं रंगवायचं. पण आज काचेवर तुझा नंबर होता. डॉक्टर चहाला गेले आणि मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

अगं, काय सांगू! प्रत्येक पेशीला गडद तपकिरी कडा. मी तिथेच ओक्साबोक्शी रडले, शेजारच्या बाईंना मिठी मारली, सगळ्यांना बिस्किटं वाटली. डॉक्टर आले, काच बघितली, घसा खाकरला आणि म्हणाले, बाई, हा वरचा तुकडा आपला नेहमीचा. रंग नीट चढला की नाही हे कळावं म्हणून प्रत्येक काचेवर आम्ही, जिच्यावर रंग चढतोच अशा दुसऱ्या कुणाच्या गाठीचा, एक खात्रीचा तुकडा लावतो. आजचा तर सकाळी मीच लावला होता आणि साफ विसरले! कुण्या परक्याच्या गाठीसाठी मी अर्धा पुडा बिस्किटं वाटून बसले.

मग त्यांनी काच खालच्या तुकड्यावर सरकवली. मी भिंतीकडे तोंड करून उभी. ठमे, मला फार भीती वाटली गं, तू नसण्याची. आणि आठवत काय होतं, तर लपाछपीत तू पडद्यामागे लपायचीस, हसू आवरायचं नाही आणि दरवेळी पहिली सापडायचीस.

डॉक्टरांनी बजावलं आहे, निकाल सोमवारी ते स्वतः तुला सांगतील, मी फोनवर अवाक्षर काढायचं नाही. पत्राबद्दल ते काही बोलले नाहीत. म्हणून हे तुझ्या नवऱ्याच्या हाती, उरलेल्या बिस्किटांसोबत. तुझी गाठही तुझ्यासारखीच निघाली, तिला लपता येत नाही. खालच्या तुकड्यालाही तशीच गडद कडा आहे. सोमवारी दहाला ये, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा चकित झाल्याचं नीट नाटक कर. टोमॅटो मी लावते.

तुझीच, बिस्किटं वाटणारी
ताई