११७ नंबरचा शर्ट

१४ जून, शनिवार. ओमाहा

उकाडा. एकशे चाळीस पोरं, एकच मैदान. आम्ही वेगवेगळ्या कॉलेजांचे एकोणीस बेसबॉल कोच जाळीमागे सावलीत बसलेलो. प्रत्येकाच्या अंगावर आपापल्या कॉलेजचा टी-शर्ट, म्हणजे कुणाकडे बघून हसायचं ते आईबापांना लांबूनच कळतं.

शोकेस म्हणतात याला. सकाळी प्रत्येक पोराला नंबराचा शर्ट मिळतो. तो घालून पळून दाखवायचं, फेकून दाखवायचं, मारून दाखवायचं. नावं आम्ही विचारत नाही. वहीत नंबर आणि नंबरापुढे आकडे, बस.

"याने खरंच कॉलेजात जागा मिळते का हो?" — दर उन्हाळ्यात कुणीतरी बाप विचारतोच. आज पार्किंगमध्ये एकाने गाठलं. मी म्हटलं, मिळते कधीकधी. खरं सांगायचं तर मी ज्यांना बघायला येतो, ते आधीच माझ्या वहीत असतात. त्यांच्या शाळेच्या कोचने फोन केलेला असतो. बाकीच्यांच्या वेळी मी सूर्यफुलाच्या बिया चघळतो. बावीस वर्षांत किती किलो चघळल्या असतील!

आज मात्र एकदा चघळायचं थांबलो. ११७ नंबर, कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा आणि बेसकडे पळणाऱ्याला फेकीने बाद करणारा. चेंडू त्याच्या ग्लोव्हमध्ये आल्यापासून सेकंड बेसवरच्या माणसाच्या हातात पोचेपर्यंत १.९२ सेकंद. घड्याळ चुकलं असेल म्हणून पुढची फेक नीट धरली — १.९३. दोन सेकंदांच्या आत फेकणारा कॅचर आमच्यासारख्या छोट्या कॉलेजकडे ढुंकूनही बघत नाही. बॅट डाव्या हाताने. मास्कमुळे चेहरा दिसला नाही. चेहऱ्याचं काय करायचंय?

१५ जून

११७ म्हणजे एमेट कुचेरा. पश्चिमेकडचं कुठलंसं गाव, नकाशा मोठा केल्यावर सापडलं. शाळेचं शेवटचं वर्ष. त्याच्यासाठी कुणाचाही फोन नाही, शिफारस नाही. गंमतच आहे.

डेलबर्टला दाखवलं. तो मुख्य कोच, माझ्याहून सतरा वर्षांनी लहान आणि माझा साहेब. म्हणाला, "लॉयड, एकच जागा उरलीय. घड्याळ बरोबर होतं ना?" माझ्या घड्याळाबद्दल विचारतो! पोराला पत्र धाडलं. आकडाही लिहिला त्यात, १.९२.

२५ जून

उत्तर आलं, पोराच्या आईचं. शाळेची बस चालवते. तिने लिहिलंय की एमेटने साठ कॉलेजांना पत्रं पाठवली होती आणि उत्तर देणारे आम्ही पहिले. कॉलेजात खेळायला मिळालं नाही तर तो गावातल्या धान्याच्या कोठारावर कामाला लागणार, तसं ठरलेलंच होतं. शेवटी लिहिलंय, "पत्र फ्रिजवर लावलंय."

मला अशी पत्रं आवडत नाहीत. उगाच ओझं होतं.

४ जुलै

पाव-सॉसेज, फटाके, डास. नॉर्मा शेजाऱ्यांना सांगत होती, "याने लग्न माझ्याशी नाही केलं, त्या घड्याळाशी केलंय. मला त्याच्याबरोबर हुंड्यात आणलं." सगळे हसले. मीही.

११ ऑगस्ट

कुचेराला फोन. पोरगा मोजकं बोलतो. "खांदा कसा आहे?" "रोज दीडशे फेकतोय, सर." एवढं कशाला, म्हटलं.

२० सप्टेंबर, शनिवार

मायलेक कॉलेज बघायला आले. पाच तास गाडी चालवून. आईच्या हातात कोलाच्यांचा, म्हणजे सारण भरलेल्या गोड पावांचा, डबा — खसखशीचे, जर्दाळूचे. डेलबर्टने बोलता बोलता चार संपवले.

दुपारी मैदानावर. पोरगा रुंद खांद्यांचा, लाजाळू. आमचा पिचर वेस चेंडू टाकायला उभा राहिला. वेसचा चेंडू कुठे जाईल ते वेसलाही ठाऊक नसतं. आज मात्र वीसेक चेंडू ओळीने जागेवर पडले. मध्येच कुचेरा उठून त्याच्याकडे गेला, काहीतरी बोलला, दोघं हसले, परत आला. वारा पडला होता, त्यामुळे जमलं असावं.

मग फेक. २.११. पुन्हा — २.०९. पुन्हा — २.०८. डेलबर्ट माझ्याकडे बघत नव्हता, हे जास्त वाईट. नंतर पोराने बॅट उचलली. उजव्या हाताने.

वही काढली. ११७, डावा. स्वच्छ अक्षरात, माझ्याच.

त्याला बाकावर बसवलं. मी तोंड उघडायच्या आधीच तो म्हणाला, "मी सांगणारच होतो, सर. तो १.९२ माझा नाही."

मग कुणाचा? तर त्या दिवशी सकाळी ओळखीच्या एका मुलाने त्याच्याशी शर्ट बदलला होता. "तो म्हणाला, मला घट्ट होतोय, तुझा दे. मी दिला. एवढा घाबरलेलो होतो की नंबराचं डोक्यातच आलं नाही. तुमचं पत्र आल्यावर कळलं."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"आईने ते फ्रिजवर लावलं होतं."

पुढे म्हणाला, "तेव्हा मी २.२० फेकत होतो. वाटलं, तीन महिने आहेत. १.९२ करून दाखवला तर खोटं उरणारच नाही." त्याने हात पुढे केला. बोटांची सालं गेली होती. मला राग यायला हवा होता. आला नाही. काय आलं ते नीट सांगता येणार नाही. वाईट वाटलं म्हणावं, आणि थोडी माझीच लाज.

निघताना आईने विचारलं, "जमेल ना, कोच?" मी म्हटलं, कळवतो. वेस पळत पळत आला — "हा पुन्हा कधी येणारे?" माहीत नाही म्हटलं.

२१ सप्टेंबर

बावीस वर्षं नंबर लिहितोय, आणि शर्टात कोण आहे ते कधी तपासलं नाही. कुणी दुसऱ्याने सांगितलं असतं तर मी पोट धरून हसलो असतो.

२२ सप्टेंबर

डेलबर्ट शांत होता. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"पोरगा भला आहे रे," म्हणाला, "पण भलेपणावर धावणारा बाद होत नाही. २.०८ वाले आपल्याकडे दोन आहेत. तो दुसरा शोध."

शोधायला कितीसा वेळ, शोकेसची यादी होतीच. ज्याच्याशी शर्ट बदलला, त्याचा नंबर १३१. क्ले बाउमगार्ट. कुचेराच्या शेजारच्याच गावचा. माझ्या वहीत १३१ पुढे रेघ आहे. म्हणजे नको. म्हणजे त्या दिवशी खऱ्या कुचेराची फेक मी पाहिली होती आणि त्यावर रेघ मारली होती. आठवत मात्र काहीच नाही, बिया चघळत असणार.

बाउमगार्टच्या घरी निरोप ठेवला. कुचेराला नकाराचं पत्र तयार केलं. चार ओळी. डेलबर्टने सही केली. पाकीट माझ्या टेबलावर आहे, उद्या टाकीन.

२३ सप्टेंबर

पाकीट टाकायचं राहिलं.

२४ सप्टेंबर

आजही. नॉर्मा म्हणाली, "टपालपेटी कोपऱ्यावर आहे, चंद्रावर नाही." कोलाचे अजून दोन उरलेत डब्यात. डबाही परत करायला हवा.

२५ सप्टेंबर

बाउमगार्टचा फोन आला. मी सरळ विषयावर आलो — आमच्याकडे जागा आहे. म्हणाला, "थँक्यू सर, पण माझं फेब्रुवारीतच ठरलंय. आमच्या कोचने एका कॉलेजला फोन केला, त्यांनी घेतलं." मग शोकेसला कशाला आलास? बापाने आधीच नाव घातलं होतं, म्हणून.

म्हटलं, तुझ्या घट्ट शर्टाने चांगलाच घोळ घातला.

मग म्हणाला, "घट्ट नव्हता, सर. दोन्ही एकाच मापाचे होते."

मग कशाला बदललास, म्हटलं.

"पाच वर्षं मी एमेटच्या विरुद्ध खेळतोय. तो मागे बसला की त्यांचा कसलाही पिचर आम्हाला गप्प करतो. पण तुम्ही लोक घड्याळातून डोकं वर काढत नाही. म्हटलं, माझा आकडा तसाही वाया चाललाय. त्याला माहीत नाही हे. सांगू नका."

पाकीट फाडलं. रविवारी एमेटच्या संघाचा सामना आहे, पाच तासांचा रस्ता. डबा गाडीत ठेवला. घड्याळ नॉर्माच्या हातात दिलं.