दुपारची पेज

प्रिय रेवती,

तू सोमवारी राजीनामा देणार असं काल श्रेयसने फोनवर सांगितलं. मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण गेले चार महिने रोज सकाळी आठला तुमच्या दिंडोशीच्या घरी येऊन, तू पवईहून परतेपर्यंत अक्षताला सांभाळणारी तुझी ही तोंडाळ सासू एवढ्या एका बाबतीत तुझ्यासमोर मुकी होते. मोबाईलवर लिहिलं असतं तर तू ते ऑफिसात दहा माणसांत वाचलं असतंस. म्हणून आज तुझे सासरे सोसायटीच्या मीटिंगला गेलेत तोवर कागद काढून बसले आहे. उद्या ते तुमच्याकडे आंबोळ्या घेऊन येतील, त्यांच्याच हाती पाठवीन. त्यांना यातलं काही ठाऊक नाही.

श्रेयस म्हणाला की तुझं मन आता कामात लागत नाही. अक्षता तुझं दूध घेत नाही, संध्याकाळी जवळ घेतलंस की तोंड फिरवते, आणि हे सगळं तू कामावर जायला लागलीस म्हणून झालं असं तुला वाटतं. दहा वर्षं घासून मिळवलेली जागा तू त्यापायी सोडायला निघालीस. हे ऐकल्यावर मला आता गप्प बसता येणार नाही, आणि का ते सांगण्यासाठी मला तुझ्या कामाच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत मागे जावं लागेल.

पाय सुजले म्हणून तुझी रजा बाळंतपणाआधी दीड महिना सुरू झाली, त्यामुळे अक्षता साडेचार महिन्यांची असतानाच तुला कामावर जावं लागलं. पहिल्याच दिवशी तू फ्रिजमध्ये दुधाच्या तीन बाटल्या ओळीने लावल्यास, प्रत्येकीवर वेळेची चिठ्ठी चिकटवलीस. मला गंमत वाटली होती. आमच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्येसुद्धा इतकी शिस्त नव्हती. पहिला आठवडा त्या चिठ्ठ्यांबरहुकूम गेला. दुसऱ्या आठवड्यात पोरीला काय झालं कोण जाणे, दुपारी एकच्या आत तिन्ही बाटल्या रिकाम्या, आणि वर मुठी चोखत रडणं. मी तुला फोन केला. तू म्हणालीस, "आई, डॉक्टर म्हणालेत ना, वाढीचे दिवस असतात, तीन-चार दिवस जास्त मागते, मग आपोआप शांत होते. मी उद्यापासून एक बाटली वाढवते." मी हो हो म्हटलं. मनात म्हटलं, या आजकालच्या मुलींना सगळं डॉक्टर सांगतात, समोर रडणारं पोर काही सांगत नाही का?

तो बुधवार होता. चौथी बाटलीही संपली होती, तू मीटिंगमध्ये होतीस, फोन उचलत नव्हतीस. मी तांदळाची पेज केली, कपड्यातून गाळून घेतली आणि वरचं पाणी चमच्याने तिला पाजलं. सहा महिन्यांपर्यंत दुधाशिवाय काही नाही हे तू मला शंभरदा बजावलं होतंस, मला ते पाठ होतं. पहिले दोन चमचे तिने जिभेने बाहेर ढकलले. मग गिळायला लागली, आणि नंतर तीन तास झोपली. ती झोपल्यावर मला जे वाटलं ते लिहायची लाज वाटते. मला आनंद झाला. तुझ्या डॉक्टरांना जमलं नाही ते माझ्या हाताला जमलं म्हणून झालेला आनंद होता तो.

एका दिवशी थांबले असते तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं. दुसऱ्या दिवशी बाटली शिल्लक असताना मी पेज दिली. आठवडा उलटला, तिची ती भूक ओसरली, तरी मी देतच राहिले, आणि पाण्याची हळूहळू दाट पेज झाली. पोट त्याने भरल्यावर ती दूध कशाला घेईल? संध्याकाळी तू दारातच विचारायचीस, "आजपण दोन बाटल्या तशाच?" आणि मी म्हणायचे, "घेतच नाही गं." रेवती, हे खोटं मी तुझ्याशी रोज बोलले. तू चप्पलसुद्धा न काढता फ्रिज उघडून उभी राहायचीस, आणि मी तुझ्यासाठी चहा ठेवायचे.

उष्टावणाच्या दिवशी मला वाटलं, आता सुटले, आता उघडपणे भरवता येईल. तुझ्या केतनने मामाच्या मानाने चांदीच्या चमच्यातून खीर पुढे केली आणि सात महिन्यांच्या पोरीने चमचा ओठाला लागायच्या आत मोठा आ केला, मुरलेल्या पाहुण्यासारखी खीर गिळली आणि पुढच्या चमच्याकडे बघत बसली. सगळे हसले, कोणी म्हणालं खवय्यी आहे. पहिला घास मुलं बाहेर काढतात हे तुला माहीत होतं. तू हसली नाहीस. तू क्षणभर माझ्याकडे बघितलंस आणि मी वाकून पाटाभोवतीची रांगोळी नीट करत बसले. तुला तेव्हाच कळलं का, की तू स्वतःच्या मनाला गप्प केलंस, हे मी आजवर विचारलेलं नाही.

आणि आता गेले चार दिवस अक्षता माझ्या हातचंही खात नाही. सोफ्याला धरून उभी राहते, खाली बसते, पुन्हा उभी राहते. घास पुढे केला की ओठ घट्ट मिटते. पेज नको, भात नको, केळं नको. मी रडकुंडीला आले. शेवटी गुरुवारी, ती झोपल्यावर, तुझ्या फ्रिजवर लावलेला डॉक्टरांचा तो कागद चष्मा लावून पहिल्यांदा सबंध वाचला. कुठल्या महिन्यांत बाळ अचानक जास्त मागतं, नवीन काही शिकताना कसं खाणं विसरतं, सगळं साध्या मराठीत लिहिलं होतं. भूक तिची असते, तिच्या वाढीबरोबर चढते नि उतरते. त्यावरून तिची माया मोजायची नसते, आपली तर नाहीच नाही.

तो कागद मी पुन्हा पहिल्यापासून वाचला. कारण श्रेयसही चार महिन्यांचा असताना असाच चार दिवस सारखा रडत होता. सासूबाई गावाहून आल्या होत्या. "तुझ्या दुधान पोराचा पोट भरणा नाय," म्हणाल्या आणि पेजेची वाटी पुढे केली. मी रोज एक्स्चेंजला जात होते, तेव्हा दोष माझ्या नोकरीचा असं सगळ्यांनीच ठरवलं, मीसुद्धा. महिनाभरात दूध आटलं आणि मी नोकरी सोडली. ती नोकरी मला फार आवडायची, रेवती. पस्तीस वर्षं मी समजत होते की माझ्यातच काही कमी होतं. सासूबाईंनी निदान वाटी माझ्यासमोर पुढे केली होती. मी तुझ्या पाठीमागे केली.

म्हणून लिहिते आहे. तुझं दूध कमी नव्हतं आणि अक्षता तुला विसरली नव्हती, तिचं पोट मी भरत होते. सोमवारी राजीनामा देऊ नकोस. मी हे माझ्या सोयीसाठी सांगते असंही तुला वाटेल, कारण तू घरी बसलीस तर माझे दिवस रिकामे होणार, आणि काल फोन ठेवल्यावर पहिली भीती मला त्याचीच वाटली होती. तेव्हा ती सोयही मी सोडते. तुमच्या ऑफिसच्या इमारतीतलं ते पाळणाघर तू बघून आली होतीस, मी नाक मुरडलं म्हणून तू तो विषय बंद केलास. अक्षताला तिथे ठेव. श्रेयसला काय सांगायचं, किती सांगायचं, ते तू ठरव. मी सोमवारी येणार नाही, तू बोलावशील तेव्हाच येईन. कुणाला तरी घरी बसवायचंच असेल तर या वेळी मला बसव.

तुझीच, तू मानशील ती,
शुभा