वळवायला तू, बटणाला ती

माय,

तुला लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला हसू आलं. तुला कुठं वाचता यायचं! तू असतीस तरी हे मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तेवढी छाती असती तर तू होतीस तेव्हाच नसतं का सांगितलं. आज माझी सुट्टी. आठवडाभर एसटीत ‘पुढं सरका, पुढं सरका’ करून घसा बसलाय, म्हटलं आज निवांत चार चपात्या कराव्यात, तर बाहेरच्या खोलीत तुझा नातू आणि त्याचे दोन मित्र भांडायलेत. कशावरून, तर आभाळात यान घेऊन हिंडायचा एक खेळ आहे म्हणे, त्यात वाटेल त्या ताऱ्यावर उतरता येतं. एक म्हणतो असा खेळ दुसरा नाही, दुसरा म्हणतो नुसतं हिंडण्यात काय मजा, त्याला शेवट कुठाय. मग गाडी सिनेमावर गेली. कॉमिकमधल्या कुण्या वीराचा नवा सिनेमा आलाय, तो एकानं पाहिलाय, दोघांनी नाही. पाहिलेला तोंड उघडायला गेला की हे दोघं कानात बोटं घालून ओरडतात, ‘शेवट सांगू नको! सांगितलास तर बघ!’ माझे कणीक मळायलेले हात तिथंच थांबले. शेवट ऐकायचा नाही म्हणून कानात बोटं घालणारं माणूस मी याआधी एकच पाहिलं होतं, ते तू होतीस.

तुला आठवण करून द्यायची गरज नाही, पण मला पहिल्यापासून मांडल्याशिवाय पुढं जाता येत नाही. तुझी ती मैत्रीण. मैत्रीण हा शब्द तू कधी वापरला नाहीस, गावात तुम्हा दोघींसाठी तो शब्द नव्हताच. ती बौद्धवाड्यातली, आपल्या शेतात कापूस वेचायला यायची. मी तिला मावशी म्हणायचे, ती तुला आक्का म्हणायची. ती सातवी शिकलेली, तू अंगठेबहाद्दर. तिचा भाऊ परभणीला व्हिडिओच्या दुकानात कामाला होता, तो तिला कॉमिकची पुस्तकं आणून द्यायचा. त्यातला एक गडी तुम्हा दोघींच्या काळजात बसला होता. कपाळावर दिवा असलेला, दुसऱ्या कुठल्या चांदणीवरून खाली पडलेला, आपलं घर शोधत आभाळभर उडणारा. दुपारी भाकरी झाली की शेताच्या धुऱ्यावर बाभळीच्या सावलीला ती वाचायची आणि तू तिला दोन ओळी सलग वाचू द्यायची नाहीस.

‘थांब. त्याला माय न्हाई का?’

‘हाय की आक्का. वर राहिली.’

‘मंग हा हितं कशाला उंडगायलाय? आधी मायकडं जा म्हनावं.’

‘वाट चुकलाय त्यो.’

‘कपाळावर एवढा दिवा घिऊन वाट चुकतंय? लय बिनकामाचं हाय मेलं!’

मग ती हसून हसून आडवी व्हायची. पुस्तक दोघींच्या गुडघ्यांवर मिळून उघडलेलं असायचं. पाणी मात्र तू तिच्या ओंजळीत वरून ओतायचीस. दोन्ही मी रोज बघत होते आणि दोन्हीत काही विचित्र आहे असं तेव्हा मला वाटलं नाही. आता वाटतं, पण त्याचं काय करावं ते कळत नाही.

तुझा एक नियम होता. श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी चालायची, तिथून तू तो आणला होतास. कुणाच्या मरणाशी पोथी बांधायची नाही. कितीही उशीर होवो, पुढं कुणी जन्मलं, कुणी भेटलं, काहीतरी बरं घडलं की मगच पोथीला गाठ मारायची. तोच नियम तू कॉमिकला लावलास. गडी दरीत पडला आणि पुस्तक संपलं की तू तिला उठू द्यायची नाहीस, ‘पुढचं सांग, मनानं सांग, पर त्याला उठीव.’ ती बिचारी उठवायची. देवळातल्या पोथीला ती कधी आलेली नव्हती, पण तो नियम तिला तुझ्याइतकाच पाठ होता.

सगळं बिनसलं त्याच्या आदल्या वर्षीच्या उरुसाचं सांगते. आपण तिघी परभणीला गेलो होतो. एसटीत ती मागच्या बाकावर, आपण पुढं, आणि परभणीच्या स्टँडवर उतरल्यावर एकत्र. पाळण्यांच्या मागं एका तंबूत खेळाची यंत्रं होती. कपाटाएवढा डबा, त्यात टीव्ही, खाली एक दांडा आणि एक लाल बटण. टीव्हीत काळंभोर आभाळ आणि पांढरं यान. एकेका चांदणीवर उतरायचं, तिथलं पाणी घ्यायचं आणि पुढं निघायचं. वाटेत दगड आले की बटण दाबून फोडायचे. कुठून अंगात आलं कुणास ठाऊक, तू पदर खोचलास आणि दांडा धरलास. ‘वळवायला मी, बटणाला तू,’ तू तिला म्हणालीस. भोवती पोरं खिदळायलेली. तिनं तंबूवाल्याला विचारलं, ‘भाऊ, जायचं कुठं पर?’ तो म्हणाला, ‘कुठं न्हाई. पानी भेटंल तवर जायचं.’ तू म्हणालीस, ‘म्हंजी आपल्यावानीच की! हंडा घिऊन हिंडा नि हिंडा.’ तुमचं यान सातव्या चांदणीपर्यंत गेलं. खिदळणारी पोरंच ‘डावीकडं मावशी, डावीकडं!’ करून ओरडायला लागली. तू एवढ्या मोठ्यानं हसायलीस की डोक्यावरचा पदर पडलेला तुला कळला नाही. घरात तसं हसताना मी तुला कधी पाहिलं नव्हतं, माझ्यासोबत तर नाहीच. मला तेव्हा आनंद झाला की पोटात दुखलं, मला आजही सांगता येत नाही.

मग ती संक्रांत आली, विद्यापीठाचं नाव बदललं ती. तिच्या दोन दिवस आधी चुलत्याकडं नातवाचं बारसं होतं. मावशीचा भाऊ परभणीहून जीपमध्ये टीव्ही आणि व्हिडिओ घेऊन आला. भर दुपारी खिडक्यांना वाकळा लावून अंधार केला, आणि काय नशीब, सिनेमा नेमका त्याच दिवेवाल्या गड्याचा! पण इंग्रजी. कुणाला ओ की ठो कळेना. मावशीनं तो परभणीत भावाकडं पाहिलेला. ती उंबऱ्याबाहेर बसून मोठ्यानं अर्थ सांगू लागली. सगळ्या बायांची तोंडं टीव्हीकडं आणि कान दाराकडं. शेवटी गडी एकदाचा आपल्या चांदणीवर पोचला, पोचला तो कोसळलाच. कपाळावरचा दिवा विझला. त्याच्या मायनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि लाइट गेली.

लाइट काही आली नाही. भावाला टीव्ही परत न्यायचा होता, तो जीपपाशी घाई करायलेला. तू मावशीला दारातच धरलंस. ‘आत्ता सांग. मरणाशी सोडू नगंस.’ ती म्हणाली, ‘लय मोठं हाय आक्का, असं उभ्या उभ्या न्हाई सांगायचं. भोगी झाली की कापसात बसून सांगते.’ तू तिला एक धपाटा घातलास आणि सोडलंस. तुमचं शेवटचं बोलणं तेच, हे तुला कुठं ठाऊक होतं.

संक्रांतीला रेडिओवर नाव बदलल्याची बातमी आली. बौद्धवाड्यात हलगी वाजायला लागली. आपल्या गल्लीतली माणसं पारावर जमून हळू आवाजात बोलायलेली. अण्णा घरी येऊन म्हणाले, ‘काई दिवस तिकडची मानसं शेतात नगंत.’ सख्ख्या लेकीकडं, माझ्याकडं बोट करून म्हणाले, ‘आन तू तिकडं दिसलीस तर तंगडं मोडीन.’ दुपारी मावशी आली. नवं लुगडं, हातात साखरेची पुडी. अंगणात उभी राहून म्हणाली, ‘आक्का, तोंड गोड करा.’ तू चुलीपाशी तिळगूळ वळायलीस. मी तुझ्याकडंच बघत होते. तू उठलीस, पदर सारखा केलास, दोन पावलं टाकलीस आणि परत येऊन बसलीस. ओसरीवरून अण्णा म्हणाले, ‘घरात न्हाई ती.’ चुलीचा धूर तिला दिसत होता, पाकाचा वास अंगणात येत होता. तिनं पुडी ओट्यावर ठेवली आणि गेली. अण्णांनी ती फेकली नाही, घेतलीही नाही. दोन दिवस मुंग्या लागल्या होत्या.

तू का बसलीस, माय? अण्णांना भ्यालीस, का गल्लीला? का तुलाही त्या दिवशी ती तिकडची वाटली? मी कितीदा तुझ्या बाजूनं विचार करून बघते, कितीदा तिच्या. दोन्हीकडून गुंता तेवढाच. तुला दोष द्यायला मला तोंड नाही, ते का ते पुढं येतंच.

त्याच आठवड्यात ती भावाकडं परभणीला गेली, कायमची. तू नेहमीसारखी कापसात जायचीस, पण तिची ओळ दुसऱ्या बाईला देऊ द्यायची नाहीस, स्वतःच वेचायचीस. एका संध्याकाळी तू भाकरी थापायलीस आणि मी म्हटलं, ‘माय, त्या सिनेमाचा शेवट मला माहिताय. सांगू?’ तू पिठाच्या हातानं दोन्ही कानात बोटं घातलीस. ‘तू नगं. ती सांगल.’ कानाला पीठ लागलं ते तसंच होतं जेवेपर्यंत. पुढं आपल्याकडं टीव्ही आला, तो सिनेमा एकदा दुपारी लागला, तर तू उठून गोठ्यात जाऊन बसलीस. पंधरा वर्षं, माय! मरणाशी पोथी न बांधणारी बाई तू, आणि तो गडी पंधरा वर्षं मायच्या मांडीवर तसाच पडलेला. मला वाटायचं, ही कसली जिद्द. आजारपणात मी तुला म्हटलं, ‘परभणीत शोधू का तिला?’ तू भिंतीकडं तोंड केलंस. ‘तिला यायचं असतं तर आली असती. नाराज झाली ती. व्हावंच तिनं.’

हे तुला वाचून दाखवावं तर आता तू नाहीस, आणि दुसऱ्या कुणाला दाखवायची माझी तयारी नाही. कागद संपत आलाय, पोरं ‘आई, भूक’ म्हणून ओरडायलीत. तर सांगून टाकते.

ती नाराज नव्हती. संक्रांतीनंतर तिसऱ्या दिवशी शाळेतून येताना हापशाजवळ ती मला भेटली. बोचकं घेऊन उभी होती, भावाची जीप पलीकडं थांबलेली. तिनं माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाली, ‘मायला सांग, त्यो वाचतोय. त्याची माय त्याचा दिवा लावती. आन म्हनावं, मी नाराज न्हाई, तुमची अडचन मला कळती. उरुसाला ये म्हनावं. मी त्या यानापाशी थांबते. बटन मी दाबीन, पर वळवायला तू पायजेस म्हनावं.’

मी सांगितलं नाही. तू ‘कुठं भेटली’ म्हणशील, अण्णांना कळेल, तंगडं मोडेल, ही भीती होती. पण नुसती भीती असती तर नंतर सांगितलं असतं. तो शेवट मी तुला सांगावा, माझा म्हणून, आणि तू माझ्यासोबत तसं हसावंस, असंही काहीतरी होतं. म्हणून तर भाकरीपाशी मी तेवढाच तुकडा पुढं केला, आणि तू म्हणालीस ती सांगल. तिनंच सांगितलेलं तुझ्या दारात उभं होतं आणि तू कानात बोटं घातलीस. त्यानंतर मला तोंडच उघडता येईना.

उरूस आला तेव्हा तू म्हणालीस, ‘यंदा नगं.’ मी आत्याच्या पोरींसोबत गेले. पाळण्यांच्या मागं त्याच तंबूत मावशी उभी होती, दांडा धरून. यान नुसतं एका जागी होतं. पोरं तिला ‘चला बाई, सोडा की’ करायलेली. तिनं मला पाहिलं आणि तिचं तोंड एकदम उजळलं. मग ती माझ्या मागं बघायला लागली, गर्दीत, लांबपर्यंत. तिनं भुवया उंचावून विचारलं, येतीय का?

मी खोटा एक शब्दही बोलले नाही, माय. मी नुसती मान हलवली, नाही म्हणून. तिनं दांडा सोडला आणि मागच्या पोराला जागा दिली.