खालची खुंटी

मी, खाली सही करणारी, कैलासवासी घड्याळजींची पत्नी, वय वर्षे शहात्तर, शिक्षण मॅट्रिक, धंदा घरकाम, देवाला स्मरून लिहून ठेवते की माझ्यामागे माझ्या वस्तूंचे काय करायचे ते मी आज ठरवले आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. भरीस घालायला घरात दुसरे माणूस नाही. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. तो देण्याआधी त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, आणि त्यांच्या भिंतीवरचे घड्याळ मागे पडल्याचेही सांगितले.

वकीलसाहेबांनी कागदाच्या एकाच बाजूला लिहायला लावले आहे. मागची बाजू कोरी जाते याचे वाईट वाटते, पण कायद्यापुढे इलाज नाही.

कलम पहिले. माझ्यामागे थाट नको. फुले नकोत. कपाटात धुवून ठेवलेली पांढरी चादर आहे, ती पुरे. देवाचे नाव मात्र कोणीतरी मोठ्याने घ्यावे. मनातल्या मनात मी पुष्कळ घेतले आहे.

कलम दुसरे. शिवणयंत्र खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना. त्यांनी ते कितीदा तरी उसने नेले आणि दर वेळी तेल घालून परत आणले. कुकर धाकट्या नणंदेला. लग्नात तिनेच तो दिला होता, पण शिट्टीविना. "वहिनी, शिट्टी मागाहून पाठवते," म्हणाली होती. शेवटी मी विकत घेतली. आता कुकर शिट्टीसकट परत जात आहे.

कलम तिसरे. माझे दीर यांना कोपराला लावायच्या मलमाची एक ट्यूब, न उघडलेली. कारण पुढच्या कलमात येईल.

कलम चौथे. घर. हे कलम लांब आहे. वकीलसाहेब म्हणाले, एका वाक्यात लिहा. एका वाक्यात लिहिले तर मुलाला ते एका वाक्याइतकेच वाटेल.

आमच्या दाराच्या आत भिंतीवर लोखंडी खुंट्यांची रांग आहे. त्या रांगेच्या बरीच खाली, मोठ्या माणसाच्या कमरेजवळ, आणखी एक खुंटी आहे. लग्न होऊन आले तेव्हा मी तिच्यावर पिशवी अडकवली. सासूबाई म्हणाल्या, "ती देवाची खुंटी. तिच्यावर घरातलं काही टांगायचं नाही." त्यांना त्यांच्या सासूने तसेच सांगितले होते. मी सून म्हणून आले होते, प्रश्न विचारायला नव्हे. मी तिच्यावर माझी जपाची माळ ठेवू लागले. रोज सकाळी वाकून नमस्कार करत असे. एकदा दिरांचे कोपर तिच्यावर आपटले आणि त्यांनी घर रंगवणाऱ्याकडून ती काढून घेतली. रंग वाळायच्या आत मी ती परत बसवून घेतली. दिरांनी बरेच दिवस अबोला धरला. मलम त्यासाठी.

हे गेले त्यानंतरच्या वर्षी मुलाचा परदेशातून फोन आला. तिकडच्या नागरिकत्वाच्या कागदासाठी कोणी अधिकारी विचारत होता, तुमचे घराणे मूळचे कुठले, कसे कुठे गेले. मुलगा म्हणाला, "आई, आपण इथं कधी आलो गं? तुझं इथं म्हणजे." घरात एवढेच माहीत होते की आजेसासरे, आजेसासूबाई आणि कडेवरचे माझे सासरे अशी तीन माणसे बोटीने आली. कुठून, का, कोणत्या हंगामात, काही नाही. मी म्हटले, शोधते.

वाचनालयात जाऊन जुनी वर्तमानपत्रे चाळली. दिरांना विचारले. ते म्हणाले, "वहिनी, गेलेल्यांची उस्तवार कशाला? आहेत त्यांचं बघा." आहेत ते म्हणजे कोण, हे मी विचारले नाही. महिनाभराने मुलगा म्हणाला, "अगं, ते काम झालं. आता नको शोधूस." पण तोवर मला घरातून निघायला एक कारण मिळाले होते. ते मी सोडले नाही.

वृद्धाश्रमात ह्यांच्या आत्या होत्या, माझ्या आतेसासूबाई. नव्वदी ओलांडलेल्या. त्यांचा जन्म इथलाच. मी त्यांना घरातले सगळे काही विचारत गेले आणि सहज देवाच्या खुंटीचा विषय निघाला.

"देवाची कुठली गं," त्या म्हणाल्या. "ती माझ्या ताईची."

तीन नव्हे, चार माणसे आली होती. सहा वर्षांची मुलगीही होती. बंदरावरच्या शेडमध्ये डॉक्टरांनी तिचे डोळे उलटून पाहिले, संसर्ग आहे म्हणाले आणि तिला बाजूला काढले. बाकीच्यांची पुढच्या गाडीची तिकिटे होती. आजेसासरे वेळेत पोचले नसते तर कामावर दुसरा माणूस लागला असता. शेडमधल्या माणसाने सांगितले, डोळे बरे झाले की पुढच्या बोटीने पाठवू. ते गेले. भाड्याच्या खोलीत पाय ठेवल्यावर आजेसासूबाईंनी सगळ्यात आधी तिच्या हाताला येईल अशी खुंटी बसवून घेतली. मुलगी आली की कोट कुठे टांगेल, म्हणून. आजेसासरे सुटी मिळाल्यावर बंदरावर गेले, तेव्हा तिला कुठे हलवले ते कोणी सांगू शकले नाही. हे घर घेतले तेव्हा ती खुंटी काढून इथे आणली. "मला हे वडिलांनी सांगितलं. आई कधी बोलली नाही," आतेसासूबाई म्हणाल्या. "फक्त पुसायची. रोज."

पुढे सुनेने विचारले तेव्हा आजेसासूबाईंच्या तोंडून देवाचे नाव आले असावे. दुसरे काय सांगणार? आम्ही दोन पिढ्या एका मुलीच्या कोटाच्या जागेला नमस्कार करत राहिलो. देव यावर रागावला असेल असे मला वाटत नाही.

मी बसने त्या बंदरावर गेले. शेडमध्ये आता मासळीचा बर्फ ठेवतात. दारावरच्या पहारेकऱ्याने विचारले, "काय शोधताय, मावशी?"

"घरातलं माणूस."

"कधीपासून नाही?"

"शंभर वर्षं होत आली."

तो हसला नाही. त्याने स्टूल आणून दिले आणि आतून पाणी आणले. मी तिथे बसून राहिले. बंदराच्या कचेरीने कळवले की त्या वर्षीचे कागद पुरात गेले. मागे राहिलेली मुले जिथे ठेवत तो अनाथाश्रमही बंद झालेला. पुढे वाट नाही. तरी मी दोनदा पुन्हा जाऊन आले. घरखर्चाच्या वहीत हा प्रवास "पाहुणे" या सदराखाली आहे. दुसरे सदर सुचले नाही.

ती नात्याने माझी थोरली आतेसासू, पण वयाने सहा वर्षांचीच राहिली. अहो म्हणावे की अगं, हे मला बरेच दिवस ठरवता आले नाही. आता अगं म्हणते. या घरात मी बोलते ती तिच्याशीच.

तेव्हा घर मुलाला, संपूर्ण, देव्हाऱ्यातल्या देवांसकट. अट एकच. त्याने स्वतः यावे. मुखत्यारपत्र चालणार नाही, काकांना पाठवलेले चालणार नाही. वडिलांच्या हत्यारांतला पेचकस घेऊन त्याने खालची खुंटी स्वतःच्या हाताने काढावी. ती घेऊन एकदा त्या बंदरावर जावे आणि शेडच्या दारात त्या मुलीविषयी विचारावे. कोणी काही सांगणार नाही हे मला माहीत आहे. तरी विचारावे. मग खुंटी आपल्या तिकडच्या घरी दाराच्या आत, तेवढ्याच उंचीवर लावावी. त्यानंतर हे घर खुशाल विकावे.

दर रविवारी तो फोन करतो. "आई, जेवलीस?" "जेवले." "यंदा जमत नाही गं, पुढच्या वर्षी नक्की." ह्यांच्या आजारपणातही त्याचे तिकीट पुढच्या आठवड्याचे होते. मी त्याला दोष देत नाही. आजेसासऱ्यांनाही देत नाही. कामावर वेळेत पोचावेच लागते. पण पुढची बोट म्हणजे काय, ते मी बंदरावर स्टुलावर बसून पाहिले आहे.

वकीलसाहेबांनी विचारले, "आणि मुलगा आलाच नाही तर?"

मी म्हटले, "तर किल्ली शिंपीणबाईंकडे राहू दे. ह्या घराला वाट बघायची सवय आहे."

मुलासाठी शेवटची सूचना. गेल्या हिवाळ्यापासून माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. वरच्या खुंट्यांना हात पुरत नाही. तिला विचारून मी माझी शाल खालच्या खुंटीवर टांगू लागले आहे. पेचकस लावण्याआधी ती उतरवावी लागेल.

हे सर्व मी वाचून पाहिले, ते माझ्या मनासारखे आहे, म्हणून सही केली.

स्थळ: राहते घर, दाराजवळची खोली.
दिनांक: ९ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी, देवपूजा झाल्यावर.

(सही) घड्याळजींची पत्नी

साक्षीदार: आमच्यासमोर बाईंनी सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर केली.
१. (सही) दाखला देणारे डॉक्टर
२. (सही) वाचनालयाचे ग्रंथपाल