दादाच्या नाटकातली बहीण

३ मार्च, सोमवार

नाटकात मी सहाव्या वर्षी मरते. पान अकरा.

संहिता आज हातात पडली. चाळता चाळता तिथेच थांबले. 'गायकाची बहीण तापाने जाते. यानंतर ती शेवटपर्यंत त्याच्या मागे उभी राहून व्हायोलिन वाजवते. संवाद नाहीत.' लेखक समोरच बसला होता. दाढीवाला, भला माणूस. म्हणाला, "हे पान वाचून आमच्याकडे सगळे रडतात." मी म्हटलं, "हो, छान जमलंय."

दुसरं काय बोलणार!

नाटक माझ्या गायक दादावरचं, पण मी त्याची बहीण हे त्यांना माहीतच नाही. दिग्दर्शक बाईंनी मला बोलावलं ते दादाची जुनी व्हायोलिनवाली म्हणून. चौदा वर्षं त्याच्या मागे वाजवलं, त्याची गाणी तोंडपाठ, म्हणून नट निवडायच्या टेबलाशी तिसरी खुर्ची माझी. आडनाव सासरचं. आणि दादानं स्टेजवर कधी 'ही माझी बहीण' म्हटलंच नाही. "घरचं घरात राहू दे," म्हणायचा. तो जाऊन तीन वर्षं झाली.

बाईंचं म्हणणं, मेलेली बहीणही त्याच्याबरोबर वाढत जाते. तो तिशीत आला की तीही तिशीत. ऐकून बाई गं, अंगावर काटाच आला.

४ मार्च, मंगळवार

पहिला दिवस. तळमजल्यावरचा तालमीचा हॉल, एका भिंतीला आरसे, त्यांवर बाईंनी पडदा ओढून घेतलाय — आलेली माणसं स्वतःकडेच बघत बसतात म्हणून. जमिनीवर पांढऱ्या पट्टीची फुली. तिथे उभं राहायचं. वाद्यवृंद वेगळा नाही. जो नट तोच वादक. अभिनय करायचा, गायचं आणि वाजवायचंही, तेही वाद्याकडे न बघता.

एकूण सव्वीस जण. एकाला गिटार उत्तम येते, पण संवाद म्हणताना खांब होतो. एकाचा आवाज असा की टेबलावरचे पेले थरथरले, वाद्य कोणतं विचारलं तर म्हणाला, "सांगाल ते. आठवडाभरात शिकतो." बाई म्हणाल्या, "मग आठवड्यानं या." एक जण माणसाएवढं बास व्हायोलिन घेऊन लिफ्टमध्ये अडकला. बाहेर आला तोच घामाघूम, आणि नेमकं गाणं होतं मोकळ्या माळाचं! खूप हसलो आम्ही.

सगळे दादाचीच गाणी गातात. शेताची, ट्रकवाल्यांची, उधळलेल्या घोड्याची. सव्वीस वेळा दादा. घरी आले तर कानात घुं घुं. यांना म्हटलं, डोकं दुखतंय. हे म्हणाले, "तू कशाला हो म्हणालीस या कामाला?"

खरंच, कशाला?

५ मार्च

दादा सापडला.

शाळेत चित्रकला शिकवतो हा माणूस. गिटार जुनी, पट्टा दोरीचा. फुलीवर उभा राहिला आणि पहिल्या ओळीआधी त्यानं श्वास घेतला — नाकातून, अर्धवट, जणू गाणं म्हणावं की नाही हे अजून ठरायचंय. दादाचा श्वास! हा कुठल्याच रेकॉर्डवर नाही. रेकॉर्डवाले कापून टाकायचे. तो फक्त मागे उभं राहणाऱ्याला ऐकू यायचा.

थांब गं जराशी वळणावरती,
मी येतोच आहे, वाट सरती...

माझ्या डाव्या हाताची बोटं टेबलाखाली आपोआप चालू लागली. दुसऱ्या कडव्याआधीचा तो व्हायोलिनचा छोटा तुकडा. अठरा वर्षं हे गाणं वाजवलं नव्हतं.

बाईंनी विचारलं, "कसा वाटला?" मी मान हलवली. यादीत त्याच्या नावापुढे बरोबरची खूण केली.

६ मार्च

लिहूनच टाकते. इथे कोण वाचणार आहे?

अठरा वर्षांपूर्वीचा तो कार्यक्रम. मोठं सभागृह, तुडुंब. दादानं 'थांब गं' सुरू करण्याआधी माईक जवळ ओढला आणि म्हणाला, "हे गाणं माझ्या बहिणीचं. सहा वर्षांची होती, गेली." आणि मागे वळून माझ्याकडे बघितलं.

मी जिवंत! त्याच्या चार पावलं मागे, हातात व्हायोलिन! लोकांनी रुमाल काढले. मला वाटलं — टाळ्यांसाठी? टाळ्यांसाठी मारलंस मला? ज्या गाण्यावर मी लहानपणापासून 'हे माझं' म्हणून मिरवले, त्यातच पुरलंस?

ते गाणं वाजवलं मी. हात थांबले नाहीत. मध्यंतरात व्हायोलिन पेटीत ठेवली आणि निघून आले. पुढे त्याचे फोन आले, किती आले! उचलले नाहीत. दोनदा दारात आला, यांना 'घरी नाही' सांगायला लावलं. नंतर तो प्रत्येक कार्यक्रमात ते सांगायचा म्हणे. त्याच्या शेवटच्या निरोपाला गेले ती मागच्या रांगेत, तोंड झाकून. मेलेल्या माणसानं पुढे कसं बसायचं?

७ मार्च, शुक्रवार

आज बहिणीच्या भूमिकेसाठी मुली. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. एकीनं वाजवताना डोळे मिटले, एकीनं भूत म्हणून हात लांब केले — लेखकालाही हसू आवरेना.

सातवी आली ती बुटकी, चष्म्याची, शर्टाची एक बाही दुमडलेली. वाजवायच्या आधी म्हणाली, "एक विचारू? ती कशानं गेली?"

लेखक म्हणाला, "ताप."

"कसला ताप? किती दिवस? भाऊ जवळ होता का? मला कळल्याशिवाय मी त्याच्या मागे उभी कशी राहू?"

लेखक संहितेची पानं उलटू लागला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही त्यांच्याबरोबर इतकी वर्षं होतात. कधी काही बोलले?"

आणि माझ्या तोंडून गेलं, "ती मेलीच नाही! मीच ती. मी त्याची बहीण!"

लेखकाचा चेहरा पांढराफटक. मी पर्समधलं लग्नाआधीचं ओळखपत्र काढलं, माहेरचं नाव दाखवलं, सगळं सांगितलं. आवाज चढला होता माझा. अठरा वर्षांचं एकदम बाहेर आलं.

बाई म्हणाल्या, "म्हणजे ते आयुष्यभर खोटं सांगत होते?"

"हो."

ती मुलगी अजून फुलीवरच. व्हायोलिन छातीशी धरून हळूच म्हणाली, "मग मी कोणाचं काम करायला आले?"

९ मार्च, रविवार

लेखकाचा फोन. नाटक बदलायचं म्हणतो. 'स्वतःच्या बहिणीला जिवंतपणी मारून नाव कमावणारा गायक' — आता खरं नाटक उभं राहील, म्हणतो. आवाजात केवढा उत्साह! कालपर्यंत दादाच्या नावानं रडत होता.

मला आनंद व्हायला हवा. हेच तर हवं होतं. माझी बाजू, एवढ्या लोकांसमोर.

दुपारी भांडी विसळताना मागे कुणीतरी उभं आहे असं वाटलं. चार पावलांवर. वळले नाही. मी चौदा वर्षं अशीच उभी होते ना त्याच्या मागे — त्याला कसं वाटत असेल?

तो चित्रकलेचा मास्तर आता दादाला खोटारडा म्हणून रंगवणार. त्याच श्वासासकट.

१० मार्च

बाई हुशार. लेखकाला म्हणाल्या, "गेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही. त्यांच्या घरी विचारल्याशिवाय एक ओळ बदलायची नाही." मग मला बाजूला घेऊन, "तुम्हीच जा. वहिनी आहेत ना?"

वहिनींना तोंड दाखवून अठरा वर्षं झाली. नको म्हणत होते. तरी फोन लावला. "कोण?" मी नाव सांगितलं. मग म्हणाल्या, "ये गं. उद्याच ये."

११ मार्च, मंगळवार

वहिनी थकल्यात. दार उघडून त्यांनी मला आत घेतलं. मी बसायच्या आधीच विचारलं, "त्यानं मला मेलेली का म्हटलं?"

"तुला?" वहिनी म्हणाल्या. "अगं, तुला कशाला म्हणेल! तुझ्या आधी एक होती. ती गेली आणि वर्षानं तू झालीस. तिचंच नाव तुला ठेवलं. आईंनी ह्यांना शपथ घातली होती, 'मी आहे तोवर धाकटीला सांगायचं नाही.' आई गेल्या, आणि महिन्यानं तो कार्यक्रम. तोंडावर सांगायला जमेना, म्हणून माईकवर सांगितलं. तू पळून गेलीस. फोन करकरून हे थकले गं. मला वाटत होतं तुला सगळं कळलंय, आणि तरी येत नाहीस."

वहिनींकडून तिच्या आजारपणाचं सगळं विचारून घेतलं आणि रस्त्यावर येऊन त्या चष्मेवाल्या मुलीला फोन लावला. म्हटलं, घटसर्प. सहा दिवस. भाऊ उशाशी होता. लिहून घे — माझी मोठी बहीण.