दार उघडण्याआधीची हाक

कृपाळू आणि दयाळू अल्लाहच्या नावाने.

मी, शाजली बखीत हम्माम, वय एकोणपन्नास, धंदा लाउडस्पीकर आणि टेपरेकॉर्डर दुरुस्ती, राहणार बनी रिज्क, जिल्हा किना, हे मृत्युपत्र दिवसाउजेडी, माझ्याच दुकानात बसून, माझ्याच हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. काळजाची झडप ठिकाणावर नाही. ती येत्या रविवारी असियूतच्या इस्पितळात बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाला, "काका, शंभरातले पंच्याण्णव चालत घरी जातात." उरलेले पाच कुठे जातात ते मला मशिदीत शिकवले आहे, म्हणून हा कागद. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. उलट माझी बायको सनिय्या हा अभद्र कागद फाडून टाकायला दोनदा येऊन गेली.

एक. घर, दुकानाची जागा आणि कालव्याजवळची उसाची पट्टी. यांबद्दल मला काही लिहायचे नाही. बायको, मुलगा, मुलगी, प्रत्येकाचा हिस्सा अल्लाहने आधीच ठरवून दिला आहे. माझ्या हाती राहतो तो फक्त एक तृतीयांश, आणि तोही वारसाला देता येत नाही. म्हणजे मोठ्या वस्तूंची चिंता त्याने स्वतःकडे घेतली आणि ज्यांवरून लोक खरे भांडतात त्या लहान वस्तू माझ्यावर सोडल्या. त्याचा न्याय अगाध आहे.

दोन. मयतीचा मंडप तीन दिवसांचा असावा. कुराण वाचणारा सुरात असावा. आवाज मोठा असणे म्हणजे सूर असणे नव्हे, हे माझ्या मुलाला सांगून थकलो. दुकानातला निळा लाउडस्पीकर लावू नये, तो शिट्टी मारतो. काळा लावावा. मंडपात लोक उसाच्या भावाच्या गप्पा मारतीलच, पण निदान आयत संपेपर्यंत थांबावे.

तीन. गुप्तहेरांच्या कादंबऱ्यांची पेटी माझा मेहुणा हिल्मी याला द्यावी. दर पुस्तक तो माझ्याआधी वाचायचा आणि पहिल्या पानावर पेन्सिलीने खुन्याचे नाव लिहून परत करायचा. वीस वर्षे मी खुनी कोण हे ठाऊक असताना पुस्तके वाचली. त्यातूनही आनंद मिळतो, हे मात्र त्याच्यामुळे कळले. पेटीतल्या सगळ्यात जाड पुस्तकाचे शेवटचे पान मी काढून ठेवले आहे. ते माझ्या कफनात ठेवावे.

चार. सोंगट्यांचा पट कालव्याकाठच्या चहाच्या दुकानाला. फासे नवीन घ्यावेत. जुने का नकोत ते माझ्याकडून हरलेल्यांनी विचारू नये.

पाच. कॅसेटी. दर शुक्रवारी दुपारच्या दुसऱ्या नमाजानंतर माझ्या दुकानात आठ-दहा माणसे ऐकायला जमतात, तशीच जमत राहावीत. कॅसेटी बैठकीच्या, कोणा एकाच्या नाहीत.

आता सहावे कलम. खरे तर सगळा कागद याच्यासाठीच लिहायला घेतला.

१९९९ साली आमच्या वलींच्या उरुसाला शेख मबरूक गायला आले होते. पैगंबरांची अशी स्तुती गाणारा पुन्हा आमच्याकडे आला नाही. मी चोवीस वर्षांचा होतो. टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसलो होतो, आणि माझ्या खांद्याला खांदा लावून माझा मित्र अब्दुश्शाफी जाद. आमच्याकडे ऐकणाऱ्यालाही गाणाऱ्याइतकेच यावे लागते. ओळ पूर्ण होते, आवाज खाली येऊन टेकतो, तिथे "अल्लाह" म्हणायचे. आधी म्हटले तर गाणाऱ्याच्या तोंडातला घास काढून घेतल्यासारखे. शेख एका ओळीवर चढत चढत गेले आणि सगळ्यात वर जाऊन थांबले. फक्त श्वास घ्यायला. तेवढ्यात कोणीतरी गळा फाडून ओरडला, "अल्लाह!"

बासरीवाला गडबडला. शेखांनी आमच्या बाजूला पाहिले आणि अगदी मायेने म्हणाले, "थांब रे बाबा, अजून दार उघडलेलं नाही." मग ते हसले, आणि पुढे असे गायले की माणसे उभी राहून रडली.

ती कॅसेट लक्सरपासून सोहागपर्यंत गेली. शेखांचे ते वाक्य लोकांच्या तोंडी बसले. भाकरी कच्ची असली तरी म्हणतात, अजून दार उघडलेलं नाही. नवरदेव लवकर पोचला तरी तेच.

माझे सासरे हाजी दमरानी हे त्या वेळी बैठकीतले सगळ्यात जाणते कान. उरुसाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी कॅसेट तीनदा ऐकली आणि निकाल दिला: रेकॉर्डर सांभाळणारा माणूस ओरडत नसतो, म्हणजे हा अब्दुश्शाफी. त्या शुक्रवारपासून अब्दुश्शाफीची जागा दाराशी, चपलांजवळ. तो एकदाच म्हणाला, "मी नव्हतो." हाजी म्हणाले, "तेही तू जरा आधीच बोललास." सगळे हसले. मीही हसलो.

हाक माझी होती.

त्याच महिन्यात माझ्याकडून सनिय्याला मागणी जायची होती. हाजी मुलगी गरिबाला देतील, पण बेसुऱ्या कानाच्या माणसाला देणार नाहीत, हे सगळ्या गावाला माहीत होते. मी ठरवले, लग्न झाले की सांगू. मग मुलगा झाला की. मग हाजी वारले की. हाजी वारून नऊ वर्षे झाली. पंचवीस वर्षे मी पाच वेळ नमाज पढतो आणि शुक्रवारी माझा मित्र माझ्या जागेवर, चपलांजवळ बसतो. वर जाऊन याचे उत्तर द्यावे लागेल, ते आधी इथे देतो: अब्दुश्शाफी निर्दोष आहे. त्याला पहिल्या रांगेत, माझ्या खुर्चीवर बसवावे, आणि हे कलम उरुसात काळ्या लाउडस्पीकरवरून वाचावे.

एवढे लिहून मी सनिय्याला वाचून दाखवले. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "म्हणजे माझ्या बापानं कान पारखून जावई केला असं मी पंचवीस वर्षं माहेरी सांगत होते." त्या दिवशी माझ्या चहात साखर नव्हती.

मग साक्षीदार म्हणून अब्दुश्शाफीला बोलावले आणि त्याच्यासमोर वाचले. तो रडेल असे वाटले होते. तो म्हणाला, "हे खोड."

"का खोडू? खरं आहे."

"असेल खरं. लोकांना काय सांगू मी? सोहागहून एक जण आला होता मागच्या महिन्यात, मला म्हणाला, 'चाचा, तुम्हीच ना ते?' फोनमध्ये माझी हाक भरून घेऊन गेला. सुनेच्या माहेरी मला कोण ओळखतं? उरूसवाला अब्दुश्शाफी म्हणूनच ओळखतात. लग्नात मला मुद्दाम बोलावतात चुकीच्या जागी ओरडायला. मी आता ती तुझ्यापेक्षा चांगली ओरडतो."

"पण तू चपलांजवळ बसतोस रे."

"दाराशी वारा लागतो. तुझ्या पहिल्या रांगेत उकडून मरतात सगळे." थोडा वेळ तो बोट काउंटरवर आपटत राहिला. "पहिली दोन वर्षं वाईट गेली, शाजली. ती तू देऊ शकत नाहीस. तेव्हा जे माझ्याकडे उरलंय ते नेऊ नकोस. हाक माझ्या नावावर टाकून बायको मिळवलीस, आता हाकही नेतोस?"

यावर मी मशिदीच्या इमाम साहेबांचा सल्ला घेतला. ते म्हणाले, "खोटं ठेवता येणार नाही, आणि मन दुखवणंही बरं नाही. वस्तू तुझी आहे ना? मग देऊन टाक." म्हणून सहावे कलम मी खोडत नाही, त्याला पुढील जोड देतो.

१९९९ च्या उरुसातील सदर हाक माझी, मीच मारलेली आहे. ती, तिच्या सगळ्या कीर्तीसह व बदनामीसह, मी माझ्या एक तृतीयांशातून अब्दुश्शाफी जाद याला कायमची देत आहे. तो माझा वारस नाही, तेव्हा शरियतीची हरकत नाही. माझ्या वारसांनी तिच्यावर हक्क सांगू नये. हे कलम उरुसात वाचू नये. दुकानाच्या आत, बैठकीत एकदा वाचावे, म्हणजे निदान आठ माणसांना खरे ठाऊक राहील. खुर्चीचा आग्रह नाही. दाराशी त्याच्यासाठी एक उशी ठेवावी.

ज्याला वस्तू मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे इमाम साहेबांनी सांगितले. म्हणून साक्षीला ते स्वतः व शेजारचे मास्तर बसले. अब्दुश्शाफीने "मग मला आणलंत कशाला" म्हणून स्वीकारणारा या नात्याने सही करण्याचा हट्ट धरला. त्याच्यासाठी खाली जागा सोडली आहे.

मुक्काम बनी रिज्क. बुधवार, १३ नोव्हेंबर २०२४.

लिहून देणार: शाजली बखीत हम्माम

साक्षीदार: शेख अबुल-वफा उस्मान, इमाम
साक्षीदार: रमजी तादरुस, शाळामास्तर

स्वीकारणाऱ्याचा शेरा: हाक मिळाली. मृत्युपत्र माणूस मेल्यावर लागू होतं म्हणतात, पण मी ती आजपासूनच वापरणार. रविवारी असियूतला मी बरोबर जातोय. हा माणूस चोवीसचा असताना घाई करायचा, अजूनही करतो. थांब रे बाबा, अजून दार उघडलेलं नाही.
— अब्दुश्शाफी जाद