गाल दाबून भरवलेली पेज

मंगळवार, संध्याकाळ

आज माझ्या हातून नातीचा जीव जाता जाता राहिला, म्हणून लिहिते आहे. सात महिन्यांची पोर. तिने तोंड फिरवलं, तरी वाटी संपलीच पाहिजे म्हणून मी गाल दाबून नाचणीची पेज घातली. माझी मुलं अशीच वाढली. पण हिला ठसका लागला, ओठ निळे पडले. सुनेने पालथी घेऊन पाठीवर थापट्या मारल्या, तेव्हा रडली. आमच्या गुंजवणे गावातून वेल्ह्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत काय झालं असतं?

“आई, तोंड फिरवलं म्हंजी प्वाट भरलं तिचं. तुमाला कुनी गाल दाबून जेवाया घातलं तर?”

असं सून म्हणाली. ते निळे ओठ! आता नात माझ्याकडे येईल का?

नाचणीच्या पिठाचा डबा आणि चमचा सुनेला दिले, यापुढे भरवणं तिच्याकडेच. तिने पोर माझ्या मांडीवर दिली.